साने गुरुजी आणि घरातले स्त्रीदाक्षिण्य



स्त्रीदाक्षिण्य हा शब्द आपण महिला दिनाच्या कार्यक्रमात ऐकतो, लग्नसमारंभातील भाषणांत ऐकतो आणि घरी आलो की विसरतो. एस.टी.मध्ये एखाद्या अनोळखी बाईला बसायला जागा दिली, की आपले स्त्रीदाक्षिण्य पूर्ण झाले असे आपल्याला वाटते. पण तीच बाई आपली पत्नी असेल तर? जळगावला किंवा धुळ्याला आठवडे बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहून पाहावे. मूल तिच्या कडेवर, भाजीची पिशवी तिच्याच हातात आणि आपण दोन पावले पुढे, मोकळ्या हातांनी! घरी गेल्यावर चूलही तिनेच पेटवायची आणि सर्वांच्या शेवटी जेवायलाही तिनेच बसायचे.

या गुणाला युरोपात जे नाव पडले ते घोड्यावरून पडले. मध्ययुगातील घोडेस्वार सरदारांनी कसे वागावे याचे नियम होते, आणि स्त्रियांशी आदराने वागणे हा त्यांतील एक नियम होता. परंतु तो आदर बहुधा वाड्यातील उच्चकुलीन स्त्रियांच्या वाट्याला येई. शेतात राबणाऱ्या, लाकडे वाहणाऱ्या बाईसाठी कोणी सरदार घोड्यावरून उतरत नसे. म्हणून आज आम्ही अशा एका माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत, ज्याच्याकडे घोडाही नव्हता आणि तलवारही नव्हती. त्याने हा धडा स्वयंपाकघरात, वडाच्या पारावर आणि लाकडाच्या मोळीजवळ गिरवला. आमच्या खानदेशाने त्याला आपला मानले. तो माणूस म्हणजे साने गुरुजी.

पालगडचा मुलगा

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. वडील सदाशिवराव यांच्या काळात कर्ज वाढत गेले आणि घरात चणचण आली. आई यशोदाबाई यांनी त्याच चणचणीत मुले वाढवली. १९१७ साली, गुरुजी शिक्षणासाठी घरापासून दूर असताना, त्यांचे निधन झाले. आईच्या शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो ही खंत गुरुजींना जन्मभर पुरली.

आई गेल्यानंतर सोळा वर्षांनी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ९ ते १३ तारखेपर्यंत अवघ्या पाच दिवसांत आपल्या बालपणाच्या आधारे एक पुस्तक लिहून काढले. तेच ‘श्यामची आई’. महाराष्ट्रात हे पुस्तक ठाऊक नाही असे घर विरळाच. आपण ते लहानपणी वाचतो, रडतो आणि ठेवून देतो. मोठेपणी, विशेषतः लग्न झाल्यानंतर, ते पुन्हा वाचावे असे आम्हांला वाटते. कारण पुरुषाने स्त्रीशी रोजच्या व्यवहारात कसे वागावे, याचे धडे त्यात पानोपानी आहेत.

वडाच्या फेऱ्या

पहिलाच प्रसंग पाहा. आईचे वटसावित्रीचे व्रत असते, पण आजारपणाने तिला उभे राहण्याचेही बळ नसते. वडाला फेऱ्या कोण घालणार? ती लहानग्या श्यामला सांगते, माझ्या वतीने तू घाल. श्यामला लाज वाटते. तिथे सगळ्या बायका जमलेल्या असणार, आणि बायकांच्या कामाला आलेला मुलगा म्हणून शाळेतले सोबती हसणार. तो आधी नकार देतो. आई त्याला समजावते, की आईचे काम करण्यात लाज कसली. लाज वाटायची ती वाईट काम करताना वाटली पाहिजे. शेवटी तो जातो आणि फेऱ्या पूर्ण करतो.

आपल्या पुरुषांच्या मनातली अर्धी अडचण या एका प्रसंगात आहे. पत्नी तापाने फणफणलेली असताना भांडी घासावीत असे नवऱ्याला वाटत नाही असे नाही. पुष्कळांना मनातून वाटते. पण ओट्यावरून शेजारी पाहील, भाऊ हसेल, आई बायकोचा बैल म्हणेल, ही भीती हात धरून ठेवते. श्यामला जी लाज वाटली तीच ही लाज. फरक इतकाच, की त्याच्या आईने ती वेळीच झटकून टाकली.

अळणी भाजी

दुसरा प्रसंग जेवणाच्या पानावरचा. आई एके दिवशी कामाच्या गडबडीत भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवायला बसतात. पहिल्याच घासाला त्यांच्या लक्षात येते. पण ते काही बोलत नाहीत. उलट भाजी चांगली झाली आहे असे म्हणून ती आवडीने संपवतात. तिने कष्टाने रांधले आहे, एका चिमटीसाठी तिचे मन कशाला दुखवायचे, हा त्यांचा विचार. नंतर आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. तिला फार वाईट वाटते, कोणी मला सांगितले कसे नाही म्हणून.

आमच्या खानदेशात मिरची-मिठाच्या चवीला फार मान आहे. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत यांत मीठ कमी पडले तर ते कोणालाही कळते. आणि ते कळल्यावर पुष्कळ घरांत काय होते हेही आपल्याला माहीत आहे. कुठे ताट सरकवले जाते, कुठे भिंतीवर आपटले जाते, तर कुठे तिच्या माहेराचा उद्धार होतो. हात उगारण्यापर्यंत गोष्ट गेलेली घरेही आपल्यात आहेत. ती नाहीत असे म्हणून चालणार नाही. चिमूटभर मिठावरून माणूस किती खाली उतरू शकतो, आणि त्याच चिमटीवरून किती वर चढू शकतो!

परंतु या गोष्टीतला आईचा सल विसरून चालणार नाही. वडील गप्प राहिले ते चांगलेच झाले. पण आईला दया नको होती, तिला सत्य हवे होते. घरच्यांना चवीचे जेवण मिळावे ही तिचीही इच्छा होती. एकाने दुसऱ्याचे मन जपले, दुसऱ्याने पहिल्याचे पोट जपले. आम्हांला वाटते, खरे दाक्षिण्य या दोहोंच्या मध्ये आहे. उणे असेल तर ते गोड शब्दांत, हसून, चारचौघांत नव्हे तर दोघांत सांगावे. आणि उठून मिठाची बरणी आपण स्वतःच आणावी.

लाकडांची मोळी

तिसरा प्रसंग रस्त्यावरचा. एक म्हातारी महार बाई रानातून लाकडाची मोळी आणत असते. मोळी खाली पडते. ती इतकी थकलेली असते की एकटीने ती डोक्यावर घेणे तिला शक्य नसते. त्या काळात शिवाशिवीमुळे हात लावायला कोणी पुढे होत नाही. श्यामची आई श्यामला पाठवते, की जा, तिची मोळी चढवून दे आणि मग घरी येऊन अंघोळ कर. श्याम तसे करतो आणि गावात त्यावर बोलणे होते.

आईने रूढी पूर्णपणे मोडली नाही. अंघोळ करायला सांगितलीच. पण तिने क्रम बदलला. आधी माणूस, मग रूढी. जिला दाक्षिण्य दाखवून काही मिळणार नाही, जिला ते दाखवल्याबद्दल लोक आपल्यालाच नावे ठेवतील, अशा बाईपुढे मुलाला तिने वाकायला लावले. घोडेस्वार सरदारांच्या नियमात जे नव्हते ते पालगडच्या एका गरीब गृहिणीने आपल्या मुलाला शिकवले.

राहिलेला अर्धा रस्ता मुलाने चालून पूर्ण केला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारे हरिजनांसाठी उघडावीत म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी, दारे उघडण्याचा निर्णय झाल्यावर ते सोडले. मोळी उचलणाऱ्या त्या लहान हातांचा पुढचा प्रवास तो हा!

अमळनेरचे छात्रालय

आता आमच्या भागाकडे येऊ. बोरी नदीकाठचे अमळनेर हे आजच्या जळगाव जिल्ह्यातले, त्या वेळच्या पूर्व खानदेशातले गाव. शिक्षण पूर्ण होण्याच्या सुमारास गुरुजी तेथील तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ साली प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. सुमारे सहा वर्षे त्यांनी तेथे शिकवले. शाळेच्या छात्रालयाची म्हणजे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

वसतिगृहातील मुले कशी असतात हे आईबापांना सांगायला नको. अंथरुणे तशीच पडलेली, कपड्यांचे बोळे, खोलीत कचरा. घरी हे सर्व आई-बहिणी आवरत असत, त्यामुळे ते आपले काम आहे हेच त्या मुलांना ठाऊक नव्हते. गुरुजींनी छडी उगारली नाही. मुले बाहेर गेली की ते स्वतः अंथरुणांच्या घड्या घालीत, खोल्या झाडून काढीत, कपडे धूत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसत. आपले काम गुरुजी करतात हे कळल्यावर मुलांना लाज वाटू लागली आणि हळूहळू ती स्वतःच आवरू लागली.

शाळेत शिकवणारा, एम.ए. झालेला मनुष्य झाडू हातात घेतो, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. जे काम घरोघरी बायकांचे म्हणून ठरून गेले होते, ते पुरुषाने केले तर त्याची पत जात नाही, हे त्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्यापैकी कितीजण पुढे आपापल्या घरी वेगळे वागले असतील हे देवालाच ठाऊक. पण मुलगा वागायला शिकतो ते ऐकून नव्हे, पाहून. हे मात्र आम्ही ठामपणे म्हणू शकतो.

धुळ्याचा तुरुंग

१९३० साली गुरुजींनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेतली. शिक्षा झाली, धुळ्याच्या तुरुंगात ठेवले गेले, तेथून दूर त्रिचनापल्लीला पाठवले गेले. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते, आणि तेथे विनोबा भावेही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने केली. ती जशीच्या तशी टिपून घेतली साने गुरुजींनी. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून जे पुस्तक अनेक भाषांत वाचले जाते, ते धुळ्याच्या त्या रविवारांचे फळ आहे.

या दोघांत एक साम्य होते. विनोबांच्या आईला संस्कृत येत नव्हते. तिला गीता समजावी अशी मराठीत हवी होती. ती इच्छा मनात ठेवून विनोबांनी आईच्या मृत्यूनंतर, १९३०-३१ मध्ये, सोप्या मराठीत ‘गीताई’ रचली. नावातच आई आली. आणि शेजारी बसून भराभर लिहिणाऱ्या गुरुजींच्या मनातही आईच होती. वर्षभरात नाशिकला ती कागदावर उतरली. एका तुरुंगात दोन विद्वान पुरुष, आणि दोघांनीही आपल्या विद्येचे मूळ कमी शिकलेल्या बाईकडे आहे असे मानले. आपल्यातले किती शिकलेले मुलगे चारचौघांत आपल्या अशिक्षित आईची ओळख करून देताना संकोचतात, हे आठवून पाहावे.

ओव्या आणि पत्रे

काही वाचक, विशेषतः आजच्या शिकलेल्या मुली, एक आक्षेप घेतात आणि तो आम्हांला रास्त वाटतो. आईची थोरवी गाऊन गाऊन आपण बाईकडून नुसते सोसण्याची अपेक्षा करतो. देवी म्हणायचे आणि राबवून घ्यायचे! श्यामची आईही कष्टांनी झिजूनच गेली ना?

होय, झिजून गेली. गुरुजींनी ते झाकले नाही. घरची अब्रू, कर्ज, आजारपण, पुरुषांच्या व्यवहारातल्या चुकांची किंमत बाईने मोजणे, हे सर्व त्या पुस्तकात स्पष्ट आहे. ते वाचून आई किती सोसत होती असे म्हणून डोळे पुसायचे आणि आपल्या घरात तेच चालू ठेवायचे, हा दोष वाचणाऱ्याचा आहे.

शिवाय गुरुजींनी बाईला केवळ आई म्हणून पाहिले नाही. ‘स्त्री जीवन’ या नावाने त्यांनी बायकांच्या ओव्यांचा मोठा संग्रह केला. पहाटे जात्यावर बसून दळताना बायका जे गात, त्याला त्या काळी कोण साहित्य म्हणत होते? त्यात माहेरची ओढ आहे, भावाची वाट पाहणे आहे, सासरचा जाच आहे, लेकराचे कौतुक आहे, थट्टाही आहे. गुरुजींनी या ओव्या मिळवल्या, त्यांची नीट मांडणी केली आणि त्यांचा अर्थ उलगडून सांगितला. बाई बोलत असताना तिचे म्हणणे मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकणे, हेही दाक्षिण्यच आहे. आम्ही तर म्हणू, की जागा देण्यापेक्षा ते कठीण आहे.

आणि त्याच वर्षांत आपल्या जळगावजवळच्या आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी घरोट्यावर दळताना, शेतात राबताना गाणी रचीत होत्या. त्यांना लिहिता येत नव्हते. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तीही मुलगा सोपानदेव यांनी जपली म्हणून आणि आचार्य अत्रे यांनी त्यांचे मोल ओळखले म्हणून. त्याच अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. घरातल्या बाईचे शब्द ऐकून घेणारा कोणी असला म्हणजे काय हाती लागते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्यापाशी नाही. ज्या घरांत कोणी ऐकले नाही, तिथल्या किती बहिणाबाई मुक्यानेच गेल्या असतील!

पुढे गुरुजींनी आपली पुतणी सुधा हिला पत्रे लिहिली. ती ‘सुंदर पत्रे’ म्हणून प्रसिद्ध झाली. मुलीच्या जातीला काय सांगायचे, असा विचार त्यांत कुठे नाही. फुले-पाखरांपासून जगातल्या घडामोडींपर्यंत, पुस्तकांपासून माणसांपर्यंत सर्व काही ते तिला विश्वासाने सांगतात. घरातल्या लहान मुलीशी इतक्या आदराने बोलणारे काका आपल्या कुटुंबांत किती आहेत?

अखेरची वर्षे

गुरुजींचे बाकीचे जीवन थोडक्यात सांगतो. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले आणि तेथे सफाईचे कामही त्यांनी केले. धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांसाठी ते झटले. गांधीजींच्या खुनानंतर त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. त्यांनी लग्न केले नाही.

आयुष्याच्या शेवटी त्यांचे मन फार खचले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. ही गोष्ट आम्ही लपवत नाही आणि तिचा न्यायही करत नाही. तो परमेश्वराच्या दयेवर सोपवावा. मात्र एक गोष्ट मनात येते. इतरांचे अश्रू पुसणाऱ्या माणसाचे अश्रू कोणाला दिसले नाहीत. पुरुषाने रडू नये, मनातले बोलू नये, ही आपल्याकडची शिकवणही पुष्कळ जीव घेते. घरातला पुरुष गप्प गप्प राहू लागला तर त्याची विचारपूस करणे, हेही स्त्रीपुरुषांमधल्या सौजन्यात येते. ते एकाच बाजूने वाहणारे पाणी नव्हे.

आपल्या घरात

साने गुरुजींची प्रार्थना महाराष्ट्रभरच्या शाळांत मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी म्हटली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हाही त्यांची आठवण सर्वांनी काढली. पण स्मरणापेक्षा अनुकरण बरे. म्हणून येत्या आठवड्यासाठी आम्ही चार लहान गोष्टी सुचवतो.

एक, बाजारातून परतताना जड पिशवी पुरुषाने घ्यावी, आणि पत्नीच्या बरोबरीने चालावे.

दोन, एक तरी जेवण सर्वांनी एकत्र बसून करावे. पोळ्या करणारीला गरम पोळी मिळेल अशी सोय बाकीच्यांनी करावी.

तीन, तिला नावाने हाक मारावी. ए, अगं ऐकतेस का, एवढेच तिचे नाव नाही. आणि तिचे बोलणे संपेपर्यंत टी.व्ही.कडे किंवा मोबाइलकडे पाहू नये.

चार, मुलग्यांना आपले ताट स्वतः उचलायला लावावे. त्यांची बहीण त्यांची मोलकरीण नाही, हे त्यांना आज कळले तर उद्या त्यांच्या पत्नीला ते शिकवत बसावे लागणार नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. लागते ती फक्त लाज सोडण्याची तयारी. वडाभोवती पहिली फेरी घालताना एका लहान मुलाला लागली होती तेवढीच.